खाशाबांच्या खर्चाचा हिशेब

आमच्या घरात दुधाच्या दोन वह्या होत्या. एक घरच्या चहाची आणि दुसरी माझ्या थोरल्या भावाची. गोष्ट १९७५-७६ च्या सुमाराची, म्हणजे मी पाच-सहा वर्षांचा असेन. शहागंजच्या मागच्या गल्लीत आमचं भाड्याचं घर होतं, अब्बा शिवणकाम करायचे आणि भाईजान तालमीत जायचे. रोज दोन लिटर म्हशीचं दूध, रात्री भिजत घातलेले बदाम, आठवड्यातून दोनदा पायाचा रस्सा, असा त्यांचा खुराक. घरात आम्ही सात माणसं. सात माणसांच्या वहीपेक्षा एका पैलवानाच्या वहीतला आकडा मोठा असायचा. अम्मी महिनाअखेरीला ती वही उघडून बघायच्या आणि काही न बोलता मिटून ठेवायच्या.

तालुक्यातल्या एका गावच्या उरुसात भाईजाननी एकदा एक्कावन्न रुपयांची कुस्ती मारली. डोक्याला फेटा, गळ्यात हार, मागे हलगी वाजते आहे, अशा थाटात ते घरी आले. गल्लीत दोन दिवस दुसरा विषय नव्हता. ते एक्कावन्न रुपये दूधवाल्याकडे गेले आणि दोन आठवडेही पुरले नाहीत. अब्बा हसून म्हणाले होते, ‘पैलवानाला चीत करणारा जत्रेत एखाद्या वेळीच भेटतो, दूधवाला दर महिन्याला भेटतो.’ पुढे बाविसाव्या वर्षी भाईजानचा गुडघा गेला आणि दुसरी वही बंद झाली.

खाशाबा जाधव हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते याच भावाच्या तोंडून. ऑलिम्पिक म्हणजे काय हे मला कळत नव्हतं. मी विचारलं, ‘त्यांना किती रुपये मिळाले?’ भाईजान म्हणाले, ‘मिळाले नाहीत, लागले.’ हे उत्तर तेव्हा मला समजलं नाही. आज खाशाबांच्या कारकिर्दीबद्दल बोलायला बसलो, तर मला ती पदकापासून सुरू करता येत नाही. दुधाच्या वहीपासूनच करावी लागते.

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा, सातारा जिल्ह्यातल्या कराडजवळच्या गोळेश्वर गावचा. पाच भावांत धाकटे. वडील दादासाहेब स्वतः पैलवान, त्यामुळे लंगोट घरातच होता. बाबूराव बलवडे आणि बेलापुरी गुरुजी हे त्यांचे सुरुवातीचे वस्ताद. शाळा कराडची टिळक हायस्कूल. १९४२ च्या चळवळीत भूमिगतांना आसरा देण्यात या शाळकरी पोरानेही हात लावला होता. पुढे शिक्षण आणि कुस्ती या दोन्हींसाठी ते कोल्हापूरला गेले आणि राजाराम कॉलेजात दाखल झाले.

अंगाने मात्र ते पैलवान वाटत नसत. उंची साडेपाच फुटांच्या आत-बाहेर, आणि १९४८ साली वजन किती, तर बावन्न किलोच्या गटात बसेल एवढं. आपल्याकडे पैलवान म्हटला की मान दिसू नये, कान चेपलेले असावेत आणि तो बसला की खाट करकरावी. बावन्न किलोच्या पोराला जत्रेत नारळाच्या कुस्तीच्या वर कुणी लावलं नसतं. खाशाबांची ताकद होती ती चपळाईत आणि डावांत. ढाक हा त्यांचा खास डाव. प्रतिस्पर्ध्याचा हात आणि मान बगलेत धरायची, कंबर आत घालायची आणि त्याच्याच वजनाने त्याला उलटवायचं. हा डाव जड माणसाला शोभतो, पण खरा जमतो तो वेळ साधणाऱ्याला.

इथे एक थोडं विषयांतर. मी शब्दांत रमणारा माणूस, त्यामुळे कुस्तीकडेही कानानेच बघतो. ‘कुस्ती’, ‘पैलवान’, ‘दंगल’, ‘खुराक’ हे शब्द फारसीतून आले. ‘तालीम’ अरबीतला, तिकडे त्याचा अर्थ शिक्षण. ‘वस्ताद’ म्हणजे ‘उस्ताद’च, मराठी जिभेवर चढून तालमीत येऊन बसलेला. ‘आखाडा’ मात्र संस्कृतातून आलेला. या शब्दांना एकमेकांशेजारी बसायला कधी अडचण आली नाही. आमच्या तालमीत मारुतीची तसबीर होती, भाईजान आत शिरताना आधी मातीला हात लावून तो कपाळाला लावायचे, आणि वस्ताद कोणत्या जातीचे हे मला फार उशिरा कळलं, कारण त्यांना सगळे वस्तादच म्हणायचे.

तर, कोल्हापूर. खाशाबा तिथे गेले तेव्हा ते संस्थान होतं आणि कुस्तीचं माहेरघर होतं. छत्रपती शाहू महाराजांनी रोमचं प्राचीन क्रीडागार पाहिल्यावर आपल्याकडेही असं काही असावं, असं मनात घेतलं आणि खासबागेचं कुस्ती मैदान उभं केलं. ते १९१२ साली सुरू झालं. मध्ये खोलगट आखाडा आणि सगळीकडून चढत गेलेली बसायची जागा. कुठेही बसा, समोरच्याचं डोकं आड येत नाही. पण मैदानापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे तिथली व्यवस्था. पैलवानाला दरबाराकडून खुराक मिळायचा, राहायला तालीम असायची आणि लढायला इनामाच्या कुस्त्या. देशभरातले मल्ल तिथे येऊन राहिले ते या भरवशावर. राजाश्रय हा शब्द आपण कवी आणि गवयांसाठी वापरतो. पैलवानाच्या बाबतीत त्याचा अर्थ फार साधा होता. दुधाची वही राजाच्या नावावर.

१९४८ च्या लंडन ऑलिम्पिकला खाशाबा गेले ते याच व्यवस्थेच्या शेवटच्या दिवसांत. प्रवासाचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला. तिथे पोचल्यावर मात्र वेगळीच अडचण उभी राहिली. लंडनमध्ये माती नव्हती, गादी होती.

ज्यांनी कुस्ती फक्त चित्रपटात पाहिली असेल त्यांच्यासाठी हा फरक सांगितला पाहिजे. आपल्या आखाड्यातली लाल माती ही नुसती माती नसते. तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू मुरवलेलं असतं आणि ती रोज खोऱ्याने उकरून मऊ करतात. ती पाय धरून ठेवते. घाम आला की मूठभर माती प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर टाकायची, पकड बसते. मातीतल्या कुस्तीला पूर्वी घड्याळही नव्हतं. एकाची पाठ जमिनीला लागेपर्यंत कुस्ती चालायची, मग त्याला पाच मिनिटं लागोत की दोन तास. गादीवर यातलं काहीच नाही. पाय सरकतो, कोरडी माती हाताशी नाही, वेळ ठरलेला, आणि पाठ लागली नाही तरी पंच निकाल देतात. आपला पैलवान दम राखून, समोरच्याला दमवून मग डाव टाकायला शिकलेला. गादीवर दम राखणाराच मागे पडतो.

लंडनमध्ये रीस गार्डनर नावाच्या अमेरिकन प्रशिक्षकाने खाशाबांना स्पर्धेआधी गादीचे धडे दिले. आयुष्यभर मातीत वाढलेला हा बाविशीतला तरुण तेवढ्या शिदोरीवर उतरला आणि आपल्या वजनगटात सहावा आला. सहाव्या क्रमांकाला पदक नसतं, पण खाशाबांना एक गोष्ट कळून चुकली की ही माणसं आपल्याहून बलवान नाहीत, फक्त त्यांचा खेळ वेगळा आहे आणि तो शिकता येतो. परत येऊन त्यांनी चार वर्षं तेच केलं. वजनगटही बदलला, बावन्नावरून सत्तावन्न किलोवर गेले.

या चार वर्षांत देश बदलला. १९४९ च्या मार्चमध्ये कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. ते व्हायलाच हवं होतं. आमच्याकडे तर निजामाचं राज्य १९४८ च्या सप्टेंबरातच संपलं होतं आणि त्याबद्दल हळहळणारा मी नाही. पण संस्थानं गेली तेव्हा त्यांच्याबरोबर दुधाची वहीही गेली, आणि ती आपल्या नावावर घ्यायची आहे हे नव्या सरकारच्या लक्षात यायला वेळ होता. सरकारपुढे निर्वासित होते, धान्याची टंचाई होती, पहिली सार्वत्रिक निवडणूक होती. खाशाबांचं दुसरं ऑलिम्पिक नेमकं या फटीत आलं. राजा गेला होता आणि राज्य अजून पोचलं नव्हतं.

त्यात निवडीचंही झेंगट झालं. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत खाशाबा एका गुणाने मागे पडले आणि हेलसिंकीच्या यादीतून त्यांचं नाव गेलं. आपल्याला जाणूनबुजून एक गुण कमी दिला गेला, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. महाराज यादविंद्रसिंग हे तेव्हा भारतीय ऑलिम्पिक संघटनेचे अध्यक्ष होते आणि कुस्तीचे शौकीन. पुन्हा कुस्ती लावली गेली, ती खाशाबांनी मारली आणि नाव परत यादीत आलं. गमत बघा, इथेही शेवटी एका महाराजांचाच उपयोग झाला.

आता प्रश्न तिकिटाचा. निवड झाली याचा अर्थ कुणीतरी पैसे देणार असा नव्हता. मुंबई सरकारकडे अर्ज-विनंत्या झाल्या, पण वेळेवर पुरेसं काही हाती आलं नाही. मग गोळेश्वर आणि कराडकडच्या लोकांनी वर्गणी काढली. शेतकऱ्यांनी, दुकानदारांनी, शाळेतल्या मास्तरांनी जमेल तसे पैसे दिले. तरीही पुरेना. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवलं आणि सात हजार रुपये उभे केले.

मी या सात हजारांपाशी नेहमी थांबतो. १९५२ साली सात हजार म्हणजे मास्तरकी करणाऱ्या माणसाची कित्येक वर्षांची कमाई. हा मुलगा त्यांच्या नात्यातला नाही. पदक मिळेल याची खात्री नाही, किंबहुना तोवर भारताच्या एकाही पैलवानाला ते मिळालेलं नाही. आपल्या घरातल्या माणसांना त्यांनी हे कसं सांगितलं असेल? ‘आपल्या कॉलेजातला एक पोरगा कुस्ती खेळायला फिनलंडला चालला आहे, म्हणून मी घर गहाण टाकून आलो.’ मी स्वतः भाड्याच्या घरात वाढलो, नंतर कर्ज काढून दोन खोल्या घेतल्या. त्या खोल्यांची कागदपत्रं मी कुणासाठी काढून दिली असती का, याचं उत्तर मला द्यायला नको वाटतं.

हेलसिंकीत त्या काळच्या नियमाप्रमाणे पैलवानाच्या नावावर ‘बाद गुण’ चढत. चीतपट करून जिंकलात तर एकही नाही, पंचांच्या निकालाने जिंकलात तर एक, आणि हरलात तर त्याहून जास्त. पाच झाले की स्पर्धेबाहेर. म्हणजे एका पराभवाने खेळ संपत नसे, पण जिंकतानाही कसं जिंकता याला किंमत होती. मातीत वाढलेल्या, पाठ लावल्याशिवाय कुस्ती संपली असं न मानणाऱ्या माणसाला हा नियम पथ्यावर पडणारा होता. खाशाबांनी कॅनडाच्या एड्रियन पोलिक्विनला आणि मेक्सिकोच्या लिओनार्डो बासुर्तोला हरवलं, जर्मनीच्या फर्डिनांड श्मिट्झलाही मागे टाकलं आणि अखेरच्या टप्प्यात पोचले.

तिथे समोर आला जपानचा शोहाची इशी. ही कुस्ती पूर्ण वेळ चालली आणि खाशाबा अगदी थोडक्यात हरले. त्यानंतर लगेचच त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद ममदबेयोवशी लढायला बोलावलं गेलं. दोन कुस्त्यांच्या मध्ये अर्धा तास विश्रांती मिळायला हवी होती. पण ते तिथल्या पंचांपुढे जाऊन सांगायला भारतीय पथकातला एकही अधिकारी त्या वेळी हजर नव्हता, असं खाशाबांच्या प्रत्येक चरित्रकथनात येतं. दमलेल्या अवस्थेतच ते गादीवर गेले आणि हरले. इशीला सुवर्ण मिळालं, ममदबेयोवला रौप्य आणि खाशाबांना कांस्य. तारीख २३ जुलै १९५२. स्वतंत्र भारताचं ऑलिम्पिकमधलं हे पहिलं वैयक्तिक पदक. कोल्हापूरचेच केशव माणगावे वरच्या वजनगटात चौथे आले. त्यांचं नाव आज कुणी काढत नाही, म्हणून इथे मुद्दाम काढलं.

दुसऱ्या दिवशी, २४ जुलैला, हॉकीच्या अंतिम सामन्यात भारताने हॉलंडला ६-१ असं हरवलं. बलबीरसिंगांनी एकट्याने पाच गोल केले. सुवर्णपदकाच्या त्या झगमगाटात कांस्यपदक झाकोळलं गेलं, यात दोष हॉकीचा नाही. पण संघ मायदेशी परतला तेव्हा मिरवणुका हॉकीवीरांच्या निघाल्या. खाशाबांची मिरवणूक निघाली ती कराडला.

ती मिरवणूक सरकारी नव्हती. ज्यांनी वर्गणी दिली होती त्यांचीच ती होती. स्टेशनवर बैलगाड्या जुंपून लोक उभे होते. कुणी शंभर सांगतात, कुणी दीडशेच्या वर. ढोल-लेझीम, गुलाल, वाटेतल्या प्रत्येक दारात ओवाळणी. एरवी पाव तासात होणारी वाट त्या दिवशी सात तास चालली. भाईजान हे वर्णन असं करायचे की जणू स्वतः एका गाडीत बसले होते. त्या साली त्यांचा जन्मही झालेला नव्हता.

आणि नंतर खाशाबांनी काय केलं? कुस्त्यांचे फड लावले, त्यांत स्वतः उतरले, जिंकले, आणि जमलेले पैसे प्राचार्य खर्डेकरांना नेऊन दिले. घर सोडवलं. देशासाठी पदक जिंकून आलेला माणूस घरी येऊन त्या पदकाचं कर्ज फेडतो आहे, हे दृश्य मला हेलसिंकीतल्या कुस्तीहून जास्त काही सांगतं.

या फेडीत एक विसंगती दडलेली आहे, ती समजायला जरा इंग्लंडला जाऊन यावं लागेल. खेळाडूचा खर्च कोणी करायचा, हा प्रश्न तिथेही पेटला होता, आणि त्यातून एका खेळाचे दोन तुकडे झाले. रग्बी हा तिथला दांडगाईचा खेळ. दक्षिणेत तो शिकलेले, खातेपीते लोक खेळत, उत्तरेत यॉर्कशायर-लँकेशायरकडे खाणी आणि गिरण्यांतले कामगार. कामगाराला शनिवारी सामना खेळायचा तर खाडा व्हायचा आणि पगार कापला जायचा. क्लबांनी म्हटलं, त्याची बुडालेली मजुरी तरी भरून देऊ द्या. संघटनेतले मोठे लोक म्हणाले, छे, खेळ हा हौसेचा, पैसे घेतले की तो बाटला. अखेर २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडच्या क्लबांनी फारकत घेतली. त्यातून रग्बी लीग हा वेगळा खेळ उभा राहिला. खाशाबा लढत होते त्याच काळात, म्हणजे १९५० च्या आगेमागे, तिथल्या पुढच्या फळीतला धिप्पाड गडी आठवडाभर खाणीत राबायचा, शनिवारी चिखलात धडका घ्यायचा आणि संध्याकाळी पाकीट घेऊन घरी जायचा. जिंकला तर पाकीट जाड, हरला तर पातळ. पण असायचं. आपल्या जत्रेतल्या इनामाच्या कुस्तीचाच हा भाऊबंद.

ऑलिम्पिक मात्र त्या दुसऱ्या, दक्षिणेकडच्या विचाराचं होतं. खेळाडू हौशीच हवा, त्याने खेळातून पैसा घेता कामा नये. या मताचे कडवे पुरस्कर्ते एव्हरी ब्रंडेज हे आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचे अध्यक्ष म्हणून निवडले गेले तेही १९५२ सालीच, हेलसिंकीत. आता सांगा, गोळेश्वरच्या शेतकऱ्याच्या मुलाने हौस कशावर करायची? इनाम घ्यायचं नाही, सरकारकडून वेळेवर मिळायचं नाही आणि राजा उरला नाही. हौशीपणाचा नियम ज्यांनी केला त्यांच्या घरी दुधाची वही कुणी तपासत नसावं.

पुढची कारकीर्द भरभर सांगण्यासारखी आहे, कारण ती तशीच गेली. १९५५ साली खाशाबा पोलीस खात्यात उपनिरीक्षक म्हणून लागले. खात्यांतर्गत स्पर्धा जिंकल्या, पोरांना शिकवलं. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकची तयारी चालू असताना गुडघ्याला जबर दुखापत झाली आणि तिसरं ऑलिम्पिक हुकलं. आमच्या घरात हा भाग आला की क्षणभर शांतता व्हायची. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत बढत्या उशिराने मिळाल्या. निवृत्त झाले ते सहायक पोलीस आयुक्त म्हणून. निवृत्तीनंतर पेन्शनसाठीही झगडावं लागलं. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेची ज्योत घेऊन धावणाऱ्यांत त्यांना मान मिळाला, तेवढाच काय तो हयातीतला. १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात त्यांचं निधन झालं. वय अठ्ठावन्न.

मग सन्मान आले. १९९२-९३ चा शिवछत्रपती पुरस्कार, २००० चा अर्जुन पुरस्कार, दोन्ही मरणोत्तर. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दिल्लीतल्या कुस्तीच्या सभागृहाला त्यांचं नाव दिलं गेलं. महाराष्ट्र सरकारने त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, हा राज्याचा क्रीडादिन ठरवला. यातल्या कशालाही मी कमी लेखत नाही. एवढंच की यातला एकही रुपया खाशाबांच्या खुराकाला लागला नाही.

खाशाबांच्या वाट्याला जे आलं त्यातून राज्य काहीच शिकलं नाही, असं म्हणणं मात्र खोटं ठरेल. आणि ते सांगताना मला माझ्या गावाचं नाव घेता येतं याचा आनंद आहे. १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झालं आणि पुढच्याच वर्षी, १९६१ साली, ‘महाराष्ट्र केसरी’ किताबाची पहिली कुस्ती झाली ती आमच्या छत्रपती संभाजीनगरात, तेव्हाच्या औरंगाबादेत. सांगलीचे दिनकर दह्यारी पहिले महाराष्ट्र केसरी ठरले. कुस्ती कोल्हापूर-सांगलीकडची म्हणतात, पण नव्या राज्याने आपला पहिला केसरी निवडला तो मराठवाड्यात, जो पाचच वर्षांपूर्वी हैदराबाद राज्यातून मराठी मुलखात आला होता. अब्बा त्या दिवसांत उमेदवारी करणारे शिंपी होते. त्या कुस्त्यांबद्दल ते सांगायचे ते गर्दीबद्दलच, कारण आत शिरायला जागाच मिळाली नव्हती.

आज त्याच किताबासाठी माती आणि गादी असे दोन विभाग असतात आणि दोन्हीकडचे विजेते शेवटी एकमेकांशी लढतात. म्हणजे खाशाबांना लंडनमध्ये पोचल्यावर जे शिकावं लागलं, ते पोरं आता घरीच शिकतात. २०२३ च्या जानेवारीत पुण्यात शिवराज राक्षे महाराष्ट्र केसरी झाला तेव्हा त्याला गदेबरोबर मोटारगाडीही मिळाली. खालच्या फळीतल्या पोरांचं मात्र जुनंच आहे. मी कधीमधी तालमीवरून जातो तेव्हा बाहेर सायकली लावलेल्या दिसतात, आणि एखाद्या सायकलच्या दांड्याला दुधाची बरणी अडकवलेली असते. ती बघितली की ते दूध कुणाच्या वहीवर चढत असेल, हे मनात आल्याशिवाय राहत नाही.

खाशाबांनंतर भारताला पुढचं वैयक्तिक पदक मिळायला १९९६ उजाडलं, टेनिसमध्ये लिएंडर पेसचं. कुस्तीत पुढचं पदक २००८ साली सुशीलकुमारचं. आणि महाराष्ट्राच्या मातीतल्या खेळाडूला वैयक्तिक पदक मिळालं ते थेट बहात्तर वर्षांनी, १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने रायफल नेमबाजीत कांस्यपदक मिळवलं. पुन्हा कांस्यच, आणि पुन्हा कोल्हापूरच.

त्या दिवशी दुपारी भाईजानचा फोन आला. ते आता सत्तरीकडे झुकले आहेत, जिना चढताना कठडा धरावा लागतो. पदकाची बातमी त्यांनी टीव्हीवर बघितली होती. नेमबाजीतलं त्यांना काही कळत नाही. त्यांनी विचारलं, बंदुकीच्या गोळ्या महाग असतात का, आणि त्या पोराला कोण देतं. मी सांगितलं की वडील शिक्षक आहेत, त्यांनी सुरुवातीला कर्ज काढलं, मग पोराला रेल्वेत तिकीट तपासनिसाची नोकरी लागली आणि तिथून गाडी रुळावर आली.

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग भाईजान म्हणाले, ‘घर तो किसीका गिरवी नइं रखे ना?’

तसं काही वाचलं नाही, म्हणालो. ‘अच्छा हुआ,’ ते म्हणाले, आणि गुडघ्याच्या गोळ्या संपल्यात, येताना घेऊन ये, असं सांगून त्यांनी फोन ठेवला.